पिकेट मिलमधला फितूर

५ जून १९५६, मंगळवार

आज चर्चच्या तळघरात सभा झाली. कोल्ड फोर्क नदीवर धरण होणार ही आता अफवा राहिलेली नाही. सरकारी माणसानं भिंतीवर नकाशाच टांगला. जे बुडणार ते निळ्या रंगात. पिकेट मिल, बेथेल, स्वीड हॉलो, खोऱ्यातल्या तिन्ही वस्त्या निळ्या. आमचं घर कुठं आहे ते शोधायला मला वेळ लागला.

तो माणूस गेल्यावर बर्निस टॉलिव्हर उठली. ती उठली की खुर्च्यासुद्धा गप्प बसतात. म्हणाली, "जमीन देण्याच्या कागदावर कोणीही सही करायची नाही. एकानं केली की शेजारी घाबरून करतो, आणि मग उरलेल्यांच्या उंबऱ्याशी पाणी. हात वर करा बघू." सगळ्यांनी केले. ऑरिननं जरा उशिरा केला. पण माझा नवरा सगळ्यालाच उशीर करतो, जेवायला हाक मारली तरी.

माझ्यावर काम आलं आहे. या खोऱ्यात काय काय आहे, किती जुनं आहे, कोणी बांधलं, याची यादी करून वॉशिंग्टनला पाठवायची. तिथल्या लोकांना वाटतं इथं नुसता मका आहे. "थीडा, तुझं अक्षर चांगलं," बर्निस म्हणाली, "आणि तुला सगळ्यांच्या घरातलं माहीत असतं." पहिल्या वाक्याबद्दल मी आभार मानले.

यादीची वही वेगळी. ही माझी. कारण एक गोष्ट मला सभेत खटकली आणि ती तिथं बोलण्यासारखी नव्हती. त्या सरकारी माणसाला आमचं खालचं शेत एप्रिलमध्ये तीन दिवस पाण्याखाली होतं हे माहीत होतं. तीन दिवस, दोन नाही की चार नाही. कॅन्ससच्या राजधानीत बसून हे कोणाला कळत नसतं. कोणीतरी सांगतंय. आणि ते आमच्यातलंच आहे.

१२ जून, मंगळवार

यादी: १. दगडी पिठाची गिरणी, जिच्यावरून गावाचं नाव पडलं. चाक गेलं, भिंती शाबूत. २. लोखंडी पूल. ३. चुनखडीच्या दगडाची शाळा, एक खोली. ४. पुलाजवळचं सिकॅमोरचं झाड; चौघांनी हात धरले तरी बुंधा कवेत येत नाही, आम्ही लहानपणी करून पाहिलंय. ५. कुबिचेकचं दुकान आणि पोस्ट.

पाचव्यापाशी थांबले. रुडॉल्फ कुबिचेकला इथं येऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे तसा नवाच. पश्चिमेकडच्या चेक वस्तीतून आला. माणूस सभ्य आहे, पण फार सभ्य. बायको ल्युडमिला खसखस भरलेले गोल पाव करते, त्यांना ती कोलाचे म्हणते. चांगले लागतात. पण इतकी काळी गोष्ट पावाच्या पोटात घालून लोकांना का द्यायची, हे मला कधी उमगलेलं नाही.

आज दुकानात शिरले तर कुबिचेकच्या हातात लांबट तपकिरी पाकीट होतं. मला पाहिलं आणि सरळ काउंटरच्या खाली सारलं.

"काय हो, काही लपवताय वाटतं?"

"टपाल आहे, मिसेस प्रुइट."

"टपाल तर खणात ठेवता ना? प्रत्येकाच्या नावाचा खण आहे की."

"कधीकधी नाही ठेवत," तो म्हणाला, आणि मला साखर किती हवी ते विचारलं.

तसली पाकिटं सरकार वापरतं.

२१ जून, गुरुवार

खालच्या शेतात मोजणीच्या चार खुंट्या सापडल्या. डोक्याला लाल फीत बांधलेल्या. आमच्या जमिनीत, आम्हाला न विचारता! चारही उपटल्या आणि चुलीत घातल्या. जेवताना ऑरिनला सांगितलं. तो बराच वेळ नुसता चावत राहिला. मग म्हणाला, "पेटल्या का नीट?"

असा नवरा.

२३ जून, शनिवार

खुंट्या परत उभ्या! त्याच जागी, पुन्हा चारच. रस्त्यानं मोजणीवाल्यांची गाडी आलेली कोणी पाहिली नाही. आणि मुख्य म्हणजे टिप भुंकला नाही. आमचा टिप फुलपाखरावर भुंकतो, चर्चच्या पाळक एकिन्सवर तर दर वेळी. मग न भुंकता त्यानं कोणाला येऊ दिलं? जो त्याला खायला घालतो त्यालाच. आणि टिपला सॉसेजची टोकं कोण टाकतं? कुबिचेक.

मी हे बर्निसला सांगितलं. तिनं भांडं पुसता पुसता हात थांबवला. "थीडा, तू पोलिसात असायला हवी होतीस."

खुंट्या पुन्हा जाळल्या.

३ जुलै, मंगळवार

आज ऑरिननं मंगळवार असून दाढी केली. मार्लोला जाऊन येतो म्हणाला, गवत बांधायच्या यंत्राचा पट्टा आणायला. मार्लो काउंटीचं मुख्य गाव असलं तरी ऑरिनला तिथं जाणं म्हणजे दात काढून घेण्यासारखं वाटतं. चार तासांनी आला, पट्टा न घेता. "नव्हता त्यांच्याकडे."

बुटांना लाल माती होती. आपल्या खोऱ्यातली माती काळी. लाल सापडते ती वर टेकड्यांवर. मी विचारलं. म्हणाला, वाटेत कोणाची तरी गाडी रुतली होती, ढकलली. हे अगदी त्याच्यासारखं आहे. परक्याच्या गाडीमागे चिखल उडवून घेईल, पण घरचं फाटक मार्च महिन्यापासून लोंबतंय.

रात्रीचं जेवण झाल्यावर विचारतो, "लाल मातीत काय चांगलं धरतं, सिडारचं झाड का लायलॅकची फुलं?"

"कोणाला हवंय?"

"असंच."

मी म्हटलं, त्या गाडीवाल्याला विचारायचं होतंस, त्याची माती.

१४ जुलै, शनिवार

आज यादीसाठी स्वीड हॉलोला गेले. मिसेस आल्क्विस्ट शहाऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण दिसतं नको तेवढं. त्यांनी कॉफी दिली आणि त्यांच्या आजोबांनी बांधलेलं धान्याचं कोठार दाखवलं. एकही खिळा नाही त्यात, सगळं लाकडात लाकूड अडकवलेलं. लिहून घेतलं. मी म्हटलं, तुम्ही तर सही करणार नाही ना? म्हणाल्या, "मुली, आम्ही एक अख्खं गाव समुद्रापलीकडे टाकून आलो. टाकता येतं. फक्त मेलेल्यांचं काय करायचं ते कळत नाही." मग माझ्या वहीत डोकावून म्हणाल्या, "तुझ्या यादीत पिकेट मिलची दफनभूमी दिसत नाही."

"शेवटी लिहिणार आहे," मी ओरडून सांगितलं.

बर्निसनंही परवा हेच विचारलं. लोकांना दुसरं काही सुचत नाही का? पूल आहे, शाळा आहे. दफनभूमीत लिहिण्यासारखं काय असतं? दगड आणि गवत. ते गवत गुडघ्याएवढं वाढतं आणि मला गवताचा त्रास होतो, शिंका येतात. दर रविवारी प्रार्थना झाली की ऑरिन तिकडे चक्कर मारून येतो. मी गाडीत बसते. बारा वर्षं हेच चाललंय आणि कोणाचं काही अडलेलं नाही.

मिसेस आल्क्विस्टच फितूर तर नसतील ना? 'टाकता येतं' म्हणजे काय? पण त्यांना पत्र लिहिता येत नाही, बोटं वळत नाहीत. यादीतून त्यांना काढलं. माझ्या दुसऱ्या यादीतून.

२९ जुलै, रविवार

झालं ते झालं. मार्लोच्या वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: पिकेट मिलमधल्या एका कुटुंबानं जमीन देण्यास संमती दिली. नाव नाही.

प्रार्थनेनंतर कोणी घरी गेलं नाही. सगळे अंगणातच उभे. एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि जो खाली पाही त्याच्याकडे दहा जण पाहत. तेव्हा मी बोलले. कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पाकीट सांगितलं. खुंट्या सांगितल्या. टिप भुंकला नाही तेही. नाव मी घेतलं नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. मी एवढंच म्हणाले, "सगळ्यांचं टपाल ज्याच्या हातातून जातं, त्याला सगळ्यांचं माहीत असतं."

नाव बर्निसनं घेतलं.

कुबिचेक तिथं नव्हता. ते कॅथलिक, रविवारी मार्लोला जातात. असता तर बरं झालं असतं. समोर असलेल्या माणसाला काही बोलता तरी येतं. ठरलं की उद्यापासून त्याच्या दुकानातून कोणी काडीसुद्धा घ्यायची नाही. ऑरिन भिंतीला टेकून उभा होता आणि टोपीची कड फिरवत होता. तीन वेळा तोंड उघडलं, मला दिसलं. पण एक शब्द आला नाही.

घरी येताना त्यानं पुलाच्या मध्यावर गाडी थांबवली. उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "थीडा, तुझी खात्री आहे?"

"तुझी नाही?"

"ज्यानं कोणी सही केली असेल त्याला काही कारण असेल."

"फितुराला कसलं कारण लागतं?"

त्यानं गाडी सुरू केली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो. तेही खरंच."

७ ऑगस्ट, मंगळवार

टपाल आणायला जावंच लागतं, त्याला इलाज नाही. दुकानात चिटपाखरू नव्हतं. कुबिचेकनं नेहमीसारखं दोन्ही हातांनी पत्र दिलं आणि "शुभ दिवस, मिसेस प्रुइट" म्हणाला. आवाजात काही नव्हतं. मी शोधत होते, राग, भीती, काहीतरी. ल्युडमिला कोपऱ्यात स्टुलावर बसलेली, शेजारी कोलाचेचं भरलेलं ताट. एकही कमी झालेलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पुलापर्यंत वाटलंही.

दुकानाच्या दाराच्या फळीवर कोणीतरी डांबरानं 'फितूर' लिहिलंय. आणि तेही चुकीचं, पहिलं अक्षर दीर्घ. मी यादी शुद्ध लिहिते आणि हे लोक असं लिहून गावाची शोभा करतात.

संध्याकाळी ऑरिन रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन निघाला. मी म्हटलं, "लोक बघतील." तो म्हणाला, "बघू देत." दोन तास घासत होता. आल्यावर हात लाल झाले होते आणि जेवला नाही. बर्निस म्हणते तुझा नवरा फार मऊ आहे. ते मला चोवीस वर्षांपासून माहीत आहे, पण दुसऱ्या कोणी म्हटलेलं आवडलं नाही.

१६ ऑगस्ट, गुरुवार

आता नवीन डोकेदुखी. गेल्या दोन मंगळवारी पुन्हा दाढी, पुन्हा मार्लो, पुन्हा लाल माती. विचारलं तर पहिल्यांदा खिळे, दुसऱ्यांदा "जरा काम होतं". ऑरिनला "जरा काम" कधीच नसतं. त्याला एकतर शेत असतं नाहीतर झोप.

मला आधी वाटलं आजारी आहे, डॉक्टरकडे जातो आणि सांगत नाही. मग दुसरं वाटलं. ते लिहायलाही लाज वाटते. बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, बोलायला लागला की समोरचा माणूस घड्याळ बघतो. पण मार्लोच्या अवजारांच्या दुकानात एक विधवा आहे, रंगवलेल्या केसांची, आणि तिला मुकी माणसं आवडत असतील. आज त्याचा सदरा धुवायला घेतला तेव्हा वास घेऊन पाहिला. अत्तर नाही. लाकडाचा वास होता, ताज्या चिरलेल्या सिडारचा.

बायकांच्या अंगाला सिडारचा वास येत नाही. पेट्यांना येतो.

कसल्या पेट्या?

२८ ऑगस्ट, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

ऑरिन ट्रक घेऊन निघाला आणि दहा मिनिटांनी मी मोटार काढली. तो मार्लोच्या रस्त्यानं गेलाच नाही. लिंडरमनची गुरं चरतात त्या टेकडीकडे वळला. नकाशातला निळा रंग जिथं संपतो त्याच्याही वर. मी खाली गाडी ठेवून चालत गेले, फाटकातून पाहिलं. मनात म्हणत होते, दिसू दे ती रंगवलेल्या केसांची, तोंड तरी बघते.

ऑरिन एकटाच होता. कुरणाच्या कोपऱ्यात दोरी बांधून चौकोन आखलेला. तो गुडघ्यावर बसून सिडारचं हातभर रोप लावत होता. मुळाशी माती थापत होता, तळहातानं, हळूहळू.

टिप माझ्याबरोबर आला होता, तो धावत गेला. भुंकला नाही. ऑरिननं वर पाहिलं.

मी म्हटलं, "हे काय चाललंय? इथं कोण येणार आहे?"

तो म्हणाला, "नोरीन."

आमच्या घरात हे नाव बारा वर्षांत कोणी उच्चारलेलं नाही. मीच सांगितलं होतं, घ्यायचं नाही म्हणून. ती सात वर्षांची होती, तापानं चार दिवसांत गेली, त्यावर बोलून काय होणार होतं? मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

मी दगडावर बसले. तो बोलला. चोवीस वर्षांत एका दमात एवढं कधी बोलला नव्हता.

"तिच्या कबरीला दगड नाही, थीडा. काय कोरायचं ते तू ठरवलं नाहीस आणि मी विचारलं नाही. लाकडाची पाटी होती, ती एक्कावन्नच्या पुरात गेली. सरकारचे लोक कबरी हलवणार म्हणाले तेव्हा मी विचारलं, ज्याला दगड नाही त्याचं काय? म्हणाले, अनोळखी म्हणून नोंदवतात. नंबर देतात आणि मार्लोच्या मागं एका रांगेत पुरतात. मी म्हटलं, ती अनोळखी नाही, माझी मुलगी आहे, मी जागा दाखवतो. म्हणाले, जो आधी संमती देईल त्याचं काम आधी, आणि जागाही त्यानंच निवडायची. मग मी सही केली. मोजणीवाल्यांनाही मीच सांगितलं, पाणी कुठवर येतं ते."

"खुंट्या?"

"मीच परत ठोकायचो. तू जाळलेल्या मोजून."

"आणि ते पाकीट?"

"कुबिचेकला मी म्हटलं होतं, माझं पत्र आलं तर खणात ठेवू नको, थीडाच्या हाती लागेल. त्यानं एक शब्द विचारला नाही."

मला ओरडायचं होतं. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच निघालं.

त्यानं हातातली माती झटकली. "कसं सांगू? तिचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं."

मी उठून त्याच्याशेजारी जाऊन बसले. वरून सगळं खोरं दिसतं. मी विचारलं, लायलॅक का नाही लावलास? म्हणाला, लावतो. ती पेटी त्यानं स्वतःच केली आहे, लिंडरमनच्या कोठारात. मला दाखवली. कोपरे फार सुबक जमलेत.

३० ऑगस्ट, गुरुवार

ऑरिन म्हणाला रविवारी मी सांगतो. मी म्हटलं, नाही. तू सही केलीस, पण बोट मी दाखवलं. जिनं दाखवलं तिनंच खाली घ्यायचं.

"लोक आपल्याला टाकतील," तो म्हणाला.

"टाकू देत. तसाही तू कोणाशी बोलत नाहीस."

तो हसला. मी रविवारचे कपडे इस्त्रीला काढले.

२ सप्टेंबर, रविवार

प्रार्थना संपल्यावर पाळक एकिन्सना हात केला आणि उभी राहिले. पुढच्या बाकाची पाठ धरली. म्हणाले, "कुबिचेकनं काही केलेलं नाही. सही आमच्या घरातली आहे. आमच्या मुलीसाठी केली, आणि मी आंधळी होते." नोरीनचं नाव घेतलं. पहिल्यांदा जीभ अडकली, म्हणून पुन्हा घेतलं.

आधी बाक करकरले. मग बर्निस. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. "तुझ्याच घरात! आणि तू माझ्या स्वयंपाकघरात बसून मला कुत्र्याच्या गोष्टी सांगत होतीस?"

"हो."

"तुझ्यामुळे मी त्या माणसाचं दुकान बसवलं."

"आपण दोघींनी."

ते तिला सहन झालं नाही. पर्स उचलून निघून गेली. तिच्यामागे बाकीचे. बेथेलचा एक जण जाता जाता ऑरिनला म्हणाला, "आता मलाही द्यावी लागेल सही, प्रुइट. तू बांध फोडलास." हेही खोटं नाही. ते ऑरिनलाही माहीत आहे आणि मला आता माहीत झालंय. आमच्या एका मुलीसाठी आम्ही किती जणांचा हात सोडला, याचं उत्तर मला देता येत नाही.

चर्चमध्ये आम्ही दोघंच उरलो. मग दफनभूमीत गेलो. दोघं. शिंक आली नाही.

४ सप्टेंबर, मंगळवार

कुबिचेककडे गेले. फळ्यांवरचा माल अर्धा खोक्यांत भरलेला. दुकान बंद करतायत, ओमाहाला मुलीकडे जाणार. पोस्ट मार्लोला हलणार म्हणे.

मी माफी मागितली. घरून वाक्यं पाठ करून गेले होते, पण त्यातलं एकही आठवलं नाही. नुसतं "मी चुकले" म्हणाले.

कुबिचेक दोर गुंडाळत होता. "मिसेस प्रुइट, मला जूनपासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत? एका वाक्यात सुटला असतात."

"ते वाक्य माझं नव्हतं. पत्रावर ज्याचं नाव, त्याचं असतं ते. तुमच्या घरातली गोष्ट तुम्हाला पोस्टमास्तरनं सांगायची का?"

मी ल्युडमिलाकडे वळले. ती बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. न थांबता म्हणाली, "पाच आठवडे मी रोज पहाटे भट्टी पेटवली. म्हटलं, आज कोणीतरी येईल. रुडॉल्फ म्हणायचा, पेटवू नको. मी पेटवायची. संध्याकाळी डुकरांना घालायची."

"मला माफ करा," मी म्हणाले.

"तुम्ही आलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण 'काही हरकत नाही' असं मी म्हणणार नाही. हरकत आहे."

मी मान हलवली. बशा गुंडाळू लागले. तिनं नको म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. आम्ही तासभर बशा गुंडाळल्या. मग ती म्हणाली आता पुरे, आणि मी घरी आले.

२२ सप्टेंबर, शनिवार

यादी वॉशिंग्टनला पाठवली. दफनभूमीसह. कबरी एकशे सदतीस, दगड नसलेल्या नऊ. त्या नवांपैकी आठांची नावं मी म्हाताऱ्यांना विचारून काढली; नववं विचारावं लागलं नाही. काहींनी दार उघडलं, काहींनी खिडकीतून सांगितलं. धरण त्यानं थांबणार नाही, ते मला कळतं. अजून तीन कुटुंबांनी सही केली आहे, त्यात बर्निसचा दीर. ती माझ्याशी बोलत नाही. दुकानासमोर दिसली तर रस्ता ओलांडते, आणि आता दुकानही नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार

आज नोरीनला काढलं.

सकाळी आठला माणसं आली. चौघे होते, टोप्या काढून काम करत होते. आम्ही सोडून गावातलं कोणी नव्हतं. पाळक एकिन्स आले असते, पण त्यांना सर्दी झाली आहे असा निरोप आला. अशी सर्दी मी पुष्कळ पाहिली आहे.

मी बघितलं सगळं. नको बघू असं ऑरिन म्हणाला नाही. फार काही उरत नाही, आणि जे उरतं ते इतकं लहान असतं. ऑरिनच्या पेटीत ठेवलं. त्यांच्यातल्या एकानं पेटी एका हातानं उचलली, हलकी आहे म्हणून. मी म्हटलं, "दोन्ही हातांनी." त्यानं लगेच दोन्ही हात लावले आणि सॉरी म्हणाला. पोरगेलासाच होता. त्याच्या आईनं चांगलं वळण लावलंय.

ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, पुढं बसा, मागं धूळ फार." मी मागं चढले. ऑरिनही चढला. पेटी आमच्या मध्ये. ड्रायव्हर खिडकीतून वळून म्हणाला, "नेहमीच्या वेगानं गेलो तर अर्ध्या तासात पोचू."

मी म्हटलं, "सावकाश घ्या. हिला गाडी लागते."

त्यानं पेटीकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाला. ऑरिननं तोंड दुसरीकडे केलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याच्या हातावर हात ठेवला, दुसरा पेटीवर.

पूल ओलांडला तेव्हा मागं एक मोटार दिसली. बर्निसची. ट्रक चालण्याच्या वेगानं जात होता, तिला सहज पुढं काढता आलं असतं, रस्ता मोकळा होता. काढली नाही. हॉर्न वाजवला नाही. मी ऑरिनला म्हटलं, हिला आज इकडे काय काम? मार्लोला चालली असेल, बँकेत नाहीतर केस कापायला. काचेतून तिची काळी टोपी दिसत होती, जी ती फक्त चर्चला घालते. मंगळवारी ती का घातली असेल, ते मला कळेना. तिचं काही सांगता येत नाही, लक्ष ठेवलेलं बरं.

लिंडरमनच्या फाट्यावर आम्ही वळलो. तो रस्ता टेकडीवर जातो आणि तिथंच संपतो.

बर्निसची गाडी मागोमाग वळली.